डावीकडची सीट

गेल्या रविवारी फोनवर धाकट्याने विचारलं, "आजी, फोटोत ओरिक्स उजवीकडे उभाय आणि आजोबा डावीकडे कशाला बघतायत? एवढ्या लांब गेले आणि चुकीच्या बाजूला बघत बसले!" मागून मोठीचं हसणं ऐकू आलं. मी पाठवलेला अल्बम पुण्याला नीट पोचला म्हणून मला बरं वाटलं, पण मी बोलणं त्यांच्या शाळेकडे वळवलं. आजोबा माझ्या शेजारीच बसले होते. फोन ठेवल्यावर थोड्या वेळाने म्हणाले, "लिहून कळव त्यांना. आणि माझी बाजू सावरत बसू नकोस."

म्हणून हे लिहिते आहे. नामिबियातल्या त्या प्रवासात एका दुपारी आम्ही दोघं थोडक्यात वाचलो, आणि ते का झालं हे तुम्हाला कळायला हवं.

सुरुवात आमच्या गाडीतल्या वाटणीपासून करायला हवी. उजवीकडे स्टिअरिंगवर आजोबा, डावीकडे मी. आमच्या संसाराच्या सुरुवातीला आजोबांची हॉस्पिटलची नोकरी दर सहा महिन्यांनी बदलायची. कधी एडिनबरा, कधी वेल्सच्या पार टोकाला, शेवटी लंडनजवळचं इल्फर्ड. सगळं सामान गाडीच्या मागे, तुमचा बाबा माझ्या मांडीवर आणि नकाशा त्याच्या अंगावर पांघरलेला. आजोबा गाडी उत्तम चालवत, पण पाट्या वाचायच्या राहून जात आणि आम्ही भलत्याच गावात जाऊन पोचत असू. एकदा भर पावसात असंच झाल्यावर आम्ही ठरवलं की वाचायचं मी आणि चालवायचं त्यांनी. वाचायचं म्हणजे मोठ्याने आणि सगळं. "पुढे राउंडअबाउट. दुसरा एक्झिट. तीसच्या वेगाची हद्द सुरू झाली. शाळा आहे, सावकाश." मला कुठलंही काम अर्धवट केलेलं चालत नाही. एकदा अंगावर घेतल्यावर मी एकही पाटी सोडली नाही. तीस वर्षं हे असंच चाललं. गाडीत तिसरं कोणी बसलं की हसायचं. तुमचा बाबा कॉलेजात असताना म्हणायचा, "आई, बाबांना डोळे आहेत गं."

मलाही गाडी चालवता येत होती. ग्रंथालयात नोकरी होती तोवर माझी स्वतःची छोटी गाडी होती. निवृत्त झाल्यावर ती विकली आणि त्यानंतर नऊ वर्षं मी स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

आजोबा निवृत्त होऊन दोन वर्षं झाली असतील. एका सकाळी टोस्टला लोणी लावता लावता म्हणाले, "नामिबियाला जायचं. वाळवंट बघायचं. गाडी भाड्याने घेऊ." त्यांनी कधी वाळवंटाचं नाव काढलेलं मला आठवत नव्हतं. सुट्टी म्हटली की आमचं ठरलेलं, एक वर्ष पुणे आणि एक वर्ष स्कॉटलंड. तुमच्या बाबाने पुण्याहून फोनवर बरीच हुज्जत घातली.

"बाबा, टूर घ्या ना. बस असते, गाइड असतो."

"बसच्या काचेतून बघायचं तर आमचा टीव्ही काय वाईट आहे?"

"मग पुढच्या वर्षी जा. मी येतो, मी चालवतो."

"पुढच्या वर्षी नको," आजोबा म्हणाले. "याच वर्षी." आणि त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला.

त्या वर्षात आणखीही काही गोष्टी घडत होत्या. सकाळचं वर्तमानपत्र ते मला वाचून दाखवायला सांगू लागले होते. "तू वाचलंस की बरं वाटतं," म्हणायचे, आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. चहा ओतताना तो कपाच्या कडेवरून बशीत जायचा. बोलताना ते समोरच्याच्या कानाकडे बघायचे. म्हातारपणी माणूस तुसडा होतो तसं काहीतरी असेल, असं मी मनाशी म्हटलं. एकेकटी पाहिली तर यातली कुठलीच गोष्ट मोठी नव्हती. एरवी मी सगळ्याच्या याद्या करते. ही यादी मात्र मी केली नाही.

नामिबियात उतरलो तेव्हा माझ्याकडे नेहमीची फाइल होती. प्रत्येक दिवसाचा एक प्लॅस्टिकचा कप्पा, त्यात नकाशा, मुक्कामाचा पत्ता, अंतर आणि त्या दिवसाची सूर्यास्ताची वेळ. भाड्याच्या गाडीच्या काउंटरवरच्या बाईंनी आम्हाला दोनदा बजावलं. शहर सोडलं की रस्ते खडीचे, त्यावर वेग कमी ठेवायचा, जोरात ब्रेक मारायचा नाही आणि सूर्यास्तानंतर चालवायचंच नाही. अंधारात जनावरं रस्त्यावर येतात. मग त्यांनी विचारलं, चालवणार कोण? मी आजोबांकडे बोट केलं. आजोबा म्हणाले, "हिचंही नाव लिहा."

"माझं कशाला?"

"असू दे. लायसन्स आणलंयस ना? मीच तुला आणायला सांगितलं होतं."

ते आणायला सांगितलं होतं हे खरं. मी ते फाइलच्या शेवटच्या कप्प्यात ठेवलं होतं आणि विसरून गेले होते.

पहिले दोन दिवस सुंदर गेले. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना पिवळं सुकं गवत आणि क्षितिजापर्यंत माणूस नाही. विजेच्या खांबांवर पक्ष्यांची एवढी मोठी घरटी की गवताची आख्खी गंजी वर नेऊन ठेवली आहे असं वाटावं. मी वाचत होते, सांगत होते. "पुढे फाटा, डावा घ्यायचा. कोरडी नदी, रस्ता खाली जातो. शहामृग, उजवीकडे, चार." आजोबा "हं" म्हणायचे. एक-दोनदा गाडी कडेच्या सैल खडीत गेली आणि चाकं घसरली. मी सीटची कड घट्ट धरली. ते म्हणाले, "सवय नाही या रस्त्याची. होईल."

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही लाल वाळूच्या टेकड्यांपाशी गेलो. टेकड्या कसल्या, डोंगरच. एका बाजूला केशरी उजेड, दुसऱ्या बाजूला काळी सावली, आणि मध्ये सुरीने कापल्यासारखी धार. आजोबांनी चष्मा काढला, मान तिरकी केली आणि कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "ती धार वर कुठे संपते ते सांग." मी सांगितलं. टेकड्यांच्या मागे एक वाळलेलं तळं आहे, पांढऱ्याशुभ्र भेगाळलेल्या मातीचं, आणि त्यात काळी पडलेली मेलेली झाडं उभी आहेत. तिथे आजोबा गुडघ्यांवर बसले आणि जमिनीवरून तळहात फिरवत राहिले. बाकीचे प्रवासी फोटो काढत होते.

परत येताना एका बाभळीसारख्या झाडाच्या सावलीत ओरिक्स उभा होता. आमच्यापासून वीस पावलांवर. मोठ्या हरणासारखा, करड्या अंगाचा, तोंडावर काळे पट्टे, सरळ लांब शिंगं. मी आजोबांना पुढे उभं केलं आणि कॅमेरा काढला.

"अहो, तिकडे काय बघताय? इकडे, उजवीकडे!"

"बघतोय."

"डावीकडे बघून?"

"बघतोय म्हटलं ना! काढ फोटो."

हाच तुमच्या अल्बममधला फोटो. दुपारी जेवताना त्यांनी मिठाची बाटली घ्यायला हात पुढे केला आणि तो बाटलीच्या बाजूने रिकामा गेला. दुसऱ्यांदा मात्र त्यांनी ती बरोबर उचलली आणि माझ्याकडे बघून हसले, म्हणजे माझ्या कानाकडे बघून.

चौथ्या दिवशी आम्हाला समुद्रकाठच्या गावाला जायचं होतं. सबंध रस्ता खडीचा, मध्ये दोन घाट, आणि वाटेत पेट्रोल एकाच ठिकाणी. त्यांना सकाळी पुन्हा एकदा वाळूच्या टेकड्यांकडे जायचं होतं, त्यामुळे उशीर झाला. पेट्रोल भरून निघालो तेव्हा दीड वाजला होता. फाइलमध्ये सूर्यास्त साडेसहाचा होता. मोबाइलला रेंज नव्हती, ती सकाळपासूनच नव्हती.

आजोबा आनंदात होते. पुढे कुठेतरी मकरवृत्ताची पाटी लागते, त्या पाटीखाली उभं राहून तुम्हाला दोघांना दाखवायला फोटो काढायचा असं त्यांनी इल्फर्डहून निघायच्या आधीपासून ठरवलं होतं. "पाटी सोडायची नाही हं," पंपावर पुन्हा म्हणाले.

मी गप्प राहायचं ठरवलं.

हे लिहायला मला लाज वाटते, पण ठरवलं. रस्ता सपाट होता, सरळ होता, समोरून गाडी नव्हती. मनात म्हटलं, फक्त ही एक पाटी वाचायची नाही, आणि ते थांबले की मी स्वतःलाच हसेन. आजोबा गाण्याची कुठलीतरी ओळ गुणगुणत होते. लांबून पाटी दिसायला लागली. मोठी, रस्त्याच्या अगदी कडेला, तिच्यावर प्रवाशांनी चिकटवलेली रंगीबेरंगी स्टिकरं. पाटी जवळ आली. आजोबांचं गुणगुणणं चालूच. ती माझ्या खिडकीपासून चार हातांवरून मागे गेली.

आरशात ती लहान होत गेली. आजोबा म्हणाले, "अजून नाही आली का गं?"

एकामागून एक सगळं डोळ्यांसमोर येत होतं. बशीतला चहा, वर्तमानपत्र, कान. मागच्या महिन्यात मला बरं नव्हतं म्हणून ते एकटेच भर रहदारीतून लंडनच्या दुसऱ्या टोकाला, वेम्बलीला जाऊन देवळातलं सामान पोचवून आले होते. मी बाजूला नव्हते. घाटाची पाटी आली, लाल काठाच्या त्रिकोणात वळणाची खूण. ती मला दिसली. मी ती वाचली नाही. ही परीक्षा नव्हती, मी अक्षरशः गोठले होते. पुढे रस्ता एकदम डावीकडे वळत होता आणि आजोबा सरळ निघाले होते.

"वळण!" मी ओरडले. "डावीकडे! अहो, डावीकडे!"

त्यांनी स्टिअरिंग फिरवलं आणि ब्रेक मारला. खडीवर गाडी आडवी झाली आणि तशीच आडवी सरकत गेली. काचेत आधी डोंगर दिसला, मग नुसतं आकाश. गाडीच्या पोटाखाली दगड आपटल्याचा आवाज झाला आणि आम्ही थांबलो. धूळ खाली बसायला बराच वेळ लागला. आजोबांच्या बाजूचं पुढचं चाक रस्त्याच्या कडेवर होतं. त्याच्यापलीकडे उतार, आणि खूप खाली कोरडी नदी.

"हळू मागे घ्या," मी म्हटलं. "सरळ. अजून. बस."

गाडी डोंगराच्या कडेला लावून त्यांनी इंजिन बंद केलं. कुठेही कसला आवाज नव्हता.

"पाटी गेली," मी म्हटलं. "मकरवृत्ताची. केव्हाच गेली."

त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"दीड वर्ष. थोडं जास्तच."

"कोणाला दाखवलंत?"

"दाखवलं. लायब्ररीत जातो म्हणून सांगितलं होतं ना, दोन-तीनदा, तेव्हा. मोतीबिंदू असता तर काढता आला असता. हे डोळ्याच्या पडद्याचं आहे, म्हातारपणाचं. मधलं जातं, कडेचं राहतं. ज्याच्याकडे बघावं ते नाहीसं होतं."

"आणि याच्यावर औषध?"

"माझ्या प्रकाराला नाही."

"मग इतके दिवस गाडी कोण चालवत होतं?"

आजोबा म्हणाले, "आपण दोघं. तू सांगतेस, मी चालवतो. मला वाटलं, जमतंय."

मला इतका राग आला की माझा आवाज मलाच ओळखू येईना. "शेजारणीच्या मुलीला तुम्ही शाळेतून आणता! दर गुरुवारी! तेव्हा कोण सांगतं तुम्हाला? सात वर्षांची पोर सांगते? तुम्ही डॉक्टर आहात. तुमच्याकडे असा पेशंट आला असता तर त्याला घरी गाडी चालवत जाऊ दिलं असतंत?"

"नसतं दिलं."

"मग?"

"मला ही वाळू बघायची होती," ते म्हणाले. "अजून थोडं दिसतंय तोवर. आधी सांगितलं असतं तर तुम्ही सगळ्यांनी मला घरी बसवलं असतं." आणि मग, इतक्या हळू की मला वाकावं लागलं, "त्या पोरीचं तू म्हणतेस ते बरोबर आहे."

पावणेतीन झाले होते. फाइलप्रमाणे अजून एकशे ऐंशी किलोमीटर रस्ता शिल्लक होता, दोन्ही घाट धरून. वीस मिनिटं थांबलो, पण एकही गाडी आली नाही. गाडीतच झोपावं असं मी म्हणून पाहिलं. त्यांनी पाण्याच्या बाटल्या मोजायला सांगितल्या. तीन होत्या.

"चावी द्या," मी म्हटलं.

आजोबा उतरले. बॉनेटवर हात टेकत टेकत पुढून वळसा घालून डाव्या बाजूला आले. मी उजवीकडे सरकले, सीट पुढे ओढली, आरसे माझ्या उंचीला लावले. नऊ वर्षांनंतर क्लच दाबला आणि गाडी दोनदा बंद पडली. त्यांनी फाइल मांडीवर घेतली होती. ती त्यांना वाचता येणार नव्हती, आणि ती उलटी धरली आहे हे मी त्यांना सांगितलं नाही.

"दुसरा गिअर ठेव," म्हणाले. "उतारावर ब्रेकला पाय नको. इंजिनवर उतर."

पहिला घाट मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरले आणि चढले. स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की बोटांना मुंग्या आल्या. सवयीने मी पाट्या वाचतच होते. "वळण, उजवं. पुन्हा डावं. अरुंद पूल." आजोबा म्हणाले, "हं." नेहमीसारखंच.

दुसऱ्या घाटात सूर्य समोर आला. काच धुळीने माखलेली, तिच्यावर उजेड पसरला की मलाही पुढचं काही दिसेना. मी काच धुवायला पाणी सोडलं आणि उलट चिखल झाला. दोन्ही बाजूंना काळे खडक होते.

"थांब!" आजोबा म्हणाले. "डावीकडे हललं काहीतरी. वर, खडकावर."

"मला काही दिसत नाही."

"मला दिसतंय. थांबव, हळू, एकदम ब्रेक नको."

मी गाडी थांबवली. दोन श्वास घेतले असतील नसतील, आणि डावीकडच्या कड्यावरून झेब्रे उतरले, एकामागून एक, दगड गडगडवत, आमच्या बॉनेटच्या पुढून. नऊ-दहा होते. शेवटचं पिल्लू रस्त्याच्या मधोमध थबकलं, आमच्याकडे तोंड करून उभं राहिलं आणि मग उडी मारून आईमागे गेलं. मी थांबले नसते तर ते आमच्या काचेत असते.

"गेले?" आजोबांनी विचारलं.

"गेले."

"किती होते?"

मी सांगितलं. पिल्लाचंही सांगितलं. ते कड्याकडे कान लावल्यासारखी मान तिरकी करून बसले होते. त्या दिवशी मी त्यांना त्याबद्दल तुसडं म्हटलं नाही.

घाट संपल्यावर सपाट पांढरं मैदान लागलं, त्याला अंतच नव्हता. वेगाचा काटा पन्नासच्या खाली गेला की ते विचारायचे, "किती वाजले?" आणि साठच्या वर गेला की मीच घाबरून पाय काढायचे. सूर्य जमिनीला टेकला तेव्हा समोरून समुद्राचं धुकं आलं आणि धुक्यातून गावाचा पहिला दिवा दिसला. सूर्यास्त होऊन सात मिनिटं झाली होती. मी गेस्ट हाउसच्या फाटकात गाडी उभी केली आणि बराच वेळ मला स्टिअरिंगवरून हात काढता येईनात. आजोबांनी ते एकेक बोट सोडवून काढले.

खोलीत गेल्यावर ते म्हणाले, "इल्फर्डला गेल्यावर लायसन्सच्या ऑफिसला कळवतो."

"इल्फर्डला गेल्यावर नाही, आत्ता."

मी फाइलमधला कोरा कागद काढला. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. आजार, कधीपासून, परवाना परत करत आहे. सही करायची ओळ मी बोटाने दाखवली, तरी सही ओळीच्या खाली घसरली. कागद पाकिटात घालून ते शेवटच्या कप्प्यात ठेवलं, जिथे माझं लायसन्स होतं.

उरलेले आठ दिवस मी चालवलं. पाणवठ्यांवर आम्ही तासन्‌तास बसलो, मी हत्ती मोजून सांगायचे, आणि कडेच्या झुडपात काही हललं की ते मला सांगायचे. दोनदा तो सिंह निघाला. मी दोन्ही वेळा त्याला खडक समजले होते.

इल्फर्डला परतलो त्या सकाळी सामान न उघडता आजोबा म्हणाले, "पाकीट दे." कोपऱ्यावरच्या लाल पोस्टपेटीपर्यंत मी बरोबर गेले. पेटीची फट शोधताना त्यांचा हात दोनदा खालच्या लोखंडावर आपटला. मी मागे उभी राहिले. तिसऱ्यांदा पाकीट आत गेलं. मग तिथूनच ते शेजारणीच्या दारात गेले आणि तिच्या मुलीबद्दल तिला सगळं सांगितलं. मला बरोबर येऊ दिलं नाही. ती बरेच दिवस आमच्याशी धड बोलली नाही. ते तिचं बरोबरच होतं, असं आजोबा आजही म्हणतात.

आता फोटोचं. आजोबा थेट ज्याच्याकडे बघतात तिथे त्यांना राखाडी डाग दिसतो. म्हणून नजर बाजूला न्यायची, म्हणजे ती वस्तू डोळ्यांच्या कडेत येते. त्या फोटोत ते ओरिक्सकडेच बघत होते.

काल हे लिहिलेलं मी त्यांना वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेतलं, कुठेही अडवलं नाही. शेवटी एवढंच म्हणाले, "धाकट्याला लिही, ओरिक्सच्या डाव्या शिंगाचं टोक तुटलेलं होतं."

फोटो मीच काढला होता, पण मला ते माहीत नव्हतं. दुसरी प्रत काढून मी भिंग लावून बघितली. तुमच्या बाबाच्या टेबलाच्या खणात भिंग असेल. तुम्हीही बघा.